रेबेकवाल्यांची मुंबई

गोव्यातल्या चर्चशेजारच्या शाळेत पोराच्या हाती लगेच वाद्य पडत नसे. आधी सोल्फेजो. पाच रेघांवरचे ठिपके वाचायचे, हाताने मात्रा मोजायच्या आणि तेच स्वर गळ्यातून काढून दाखवायचे. ते जमलं की मग रेबेक, म्हणजे व्हायोलिन. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चना जोडलेल्या या शाळांचा हेतू व्यावहारिक होता. मिस्साला आणि फेस्ताला गाणारी-वाजवणारी माणसं हवी होती. चर्चच्या गायकवृंदाचा मेस्त हाच गावच्या मुलांचा संगीतशिक्षक. त्याच्या हाताखालून बाहेर पडलेल्या मुलाला न ऐकलेली चीज कागदावरून वाचून वाजवता येई, आणि पुढे या एका कसबावर कित्येक घरं चालली.

गोव्यात मात्र त्यावर पोट भरत नव्हतं. मग पोरं बाहेर पडली. कुणी इंग्रजी फलटणींच्या बँडमध्ये शिरलं, कुणी संस्थानिकांच्या वाद्यवृंदात, कुणी हॉटेलांत. मूकपटाच्या पडद्याखाली बसून वाजवणं हीसुद्धा एक नोकरी होती. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि ती नोकरी गेली. पण ज्या बोलपटाने काम हिरावलं, त्यानेच पुढे कितीतरी पटीने काम दिलं. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाच्या ‘कुडी’, म्हणजे राहायच्या सामायिक खोल्या, होत्या. तिथे ट्रंक टेकवायची आणि ओळखीपाळखीतून स्टुडिओचा दरवाजा शोधायचा, हा ठरलेला रस्ता झाला.

माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस याच रस्त्याने आला. जन्म १९२७चा, वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ साली तो मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून लागला. काही वर्षांत तो अरेंजर झाला. त्याने घडवलेल्या शिष्यांत पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल शर्मा होते. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातल्या एका धमाल गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव गुंफलं, आणि देशभर लोक एका खऱ्या माणसाचं नाव काल्पनिक समजून गुणगुणू लागले.

अरेंजर म्हणजे काय, हे गाण्याच्या तबकडीवर कधी छापलं गेलं नाही. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. साहाय्यक ती सरगममध्ये उतरवून घेई. त्यानंतरचं काम सेबॅस्टियन डिसोझा किंवा गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांचं. चालीखाली कोणते स्वर भरायचे, दोन कडव्यांमधल्या जागेत व्हायोलिनांनी काय बोलायचं, चेलो कुठून शिरायचा, हे सगळं ते पाच रेघांवर लिहीत. वादक येई, स्टँडवरचा कागद बघे, एक-दोन तालमी होत आणि टेक सुरू. गायक, तबला आणि तीस-चाळीस व्हायोलिनं एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत असल्याने शेवटच्या रांगेतल्या एकाचा गज घसरला तरी अख्खं गाणं पुन्हा. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतलं ते लाटेसारखं उसळणारं व्हायोलिन ऐकताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे. ते पाठ केलेलं नसे, बहुतेकांनी त्याच दिवशी पहिल्यांदा वाचलेलं असे.

अर्थात कागदावर सगळं मावत नाही. मींड, गळ्याची हरकत, शब्दामागून जाणारा सूर हे लिहिता येत नव्हतं. तिथे दुसऱ्या वाटेने आलेले वादक लागत. प्रभाकर जोग हे त्यांतलं मराठी माणसाच्या घरातलं नाव. त्यांची तालीम गजाननराव जोशींकडची, म्हणजे ख्यालगायकीच्या घरातली. सुधीर फडके यांचे साहाय्यक म्हणून आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त त्यांनी जे वाजवलं, ते कुठल्याही मेस्तच्या शाळेत शिकवलं जात नव्हतं. मुंबईच्या वाद्यवृंदाची गंमत अशी की त्यात या दोन्ही शिक्षणांची माणसं शेजारी-शेजारी बसत.

‘प्रभात’सारख्या चित्रपट कंपन्यांत वादक महिन्याच्या पगारावर असत. महायुद्धानंतर कंपन्या मोडल्या, स्वतंत्र निर्माते आले आणि वादक शिफ्टवर काम करू लागला. पुढे सिने म्युझिशियन्स असोसिएशनने प्रतवारी लावली आणि शिफ्टचे दर ठरले. शिफ्ट संपली की पैसे संपले. निवृत्तिवेतन नाही, श्रेयनामावलीत नाव नाही.

सिम्फनी वाजवून जगण्याचा पर्याय शहरात नव्हताच. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पण स्वतः व्हायोलिनमध्ये आणखी तयार होण्यासाठी त्यांना १९४५ साली न्यूयॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे जावं लागलं. पुढे ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरीला लागले. त्यांचा मुलगा झुबीन व्हिएन्नात शिकला. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मोठा वाद्यवृंद जमवला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले, पण पैशाचं पाठबळ नसल्याने तो प्रयोग टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेला गेले आणि नंतर परतले ते थेट माजोर्ड्याला. २०१२ साली गोव्यातच वारले.

१९८०च्या दशकात स्टुडिओंत सिंथेसायझर आला, मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण रुळलं. एका कीबोर्डवर चाळीस व्हायोलिनांचा आभास निर्माण होऊ लागला. वादकांनी आपल्या मुलांना व्हायोलिनऐवजी नोकरीला लावलं, यात आश्चर्य काय?

२००६ साली मुंबईतल्या एनसीपीए या कलासंस्थेने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. संगीत-दिग्दर्शक कझाकस्तानचे मरात बिसेंगालिएव्ह, आणि खुर्च्या भरण्यासाठी बरेच वादकही तिकडूनच आणावे लागले. ज्या शहरात कधीकाळी एका गाण्यासाठी चाळीस व्हायोलिनवाले सकाळी सहज हजर होत, तिथे ही वेळ आली. चित्रपटसृष्टीने चर्चच्या शाळांत तयार झालेलं कसब चाळीस-पन्नास वर्षं वापरलं, त्यावर अमाप कमावलं, पण पुढची पिढी तयार करणारी एक शाळा काढायचं तिने मनावर घेतलं नाही. ते काम अखेर एनसीपीएलाच करावं लागलं. या वाद्यवृंदाने मुंबईतल्या मुलांसाठी आपली संगीतशाळा सुरू केली आहे.