हवाई सुंदरींचा लढा : वयाच्या अटीपासून विश्रांतीच्या हक्कापर्यंत

वरठी (जि. भंडारा), प्रतिनिधी - हावडा-मुंबई लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक आणि सनफ्लॅग पोलाद कारखाना ही वरठीची ओळख. पाळी, भोंगा, हेल्मेट, सुरक्षा अधिकारी आणि युनियन हे शब्द अशा गावाला नवे नाहीत. काम करताना जीव सुरक्षित राहणे म्हणजे काय, हेही भंडारा जिल्ह्याला सांगावे लागत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले, ही घटना ताजीच आहे. मात्र नागपूरच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानातही एक कामाची जागा असते आणि तेथे गणवेशात वावरणारी हवाई सुंदरी ही कायद्याच्या दृष्टीने कामगारच असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. या कामगारांचे हक्क कसे मिळाले आणि आज ते कोठवर आले आहेत, याचा हा आढावा.

तीन अटी आणि एक खटला

एअर इंडियाच्या जुन्या सेवानियमांत हवाई सुंदरींच्या निवृत्तीसाठी तीन अटी होत्या. वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करणे किंवा पहिल्यांदा गर्भवती होणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपत असे. ३५ नंतर मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. वर्षावर्षाने मिळणारी ही वाढ फार तर ४५ पर्यंत जाई. त्याच विमानात काम करणारे पुरुष फ्लाइट पर्सर मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होत.

सेवाशर्तींचा हा वाद १९६५ मध्ये न्या. खोसला आणि १९७२ मध्ये न्या. महेश यांच्या लवादांसमोर गेला होता. तरीही वयाचे बंधन सुटले नाही. अखेर नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले. न्या. फझल अली, न्या. वरदराजन व न्या. ए. एन. सेन यांच्या पीठाने २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल दिला.

हा निकाल आज स्त्री-हक्कांचा विजय म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो अर्धाच विजय होता. पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी काढून घेणे हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, असे ठणकावून न्यायालयाने ती अट रद्द केली. संचालकांचा निरंकुश अधिकारही रद्द झाला. परंतु चार वर्षे विवाह न करण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंब नियोजनाचा दाखला दिला. हवाई सुंदरी व फ्लाइट पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यामुळे निवृत्तीचे वय वेगळे असल्यास समानतेचा भंग होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पुढची दोन दशके हवाई सुंदरींची वाट याच मुद्द्याने अडवली.

संघटना एकीकडे, सभासद दुसरीकडे

१९८९ मध्ये केंद्र सरकारने निर्देश देऊन हवाई सुंदरींचे निवृत्तीचे वय ५८ केले. मात्र विमानात काम करण्याची मुभा ४५ पर्यंतच, आणि पुढे ५० पर्यंत, राहिली. त्यानंतर जमिनीवरील काम स्वीकारावे लागे. उड्डाण थांबले की उड्डाणाचे भत्तेही थांबत असल्याने हा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता, मिळकतीचाही होता.

त्याविरुद्ध काही हवाई सुंदरी न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत त्यांच्याच क्षेत्रातील एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन ही संघटना होती. व्यवस्थापनाशी झालेले करार अबाधित राहावेत आणि बहुसंख्य हवाई सुंदरींना पन्नाशीनंतर जमिनीवरील काम ही सवलतच वाटते, अशी संघटनेची भूमिका होती. ११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य करून उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला.

युनियन असली म्हणजे प्रत्येक सभासदाचा हक्क आपोआप जपला जातो असे नाही, हा या खटल्याचा धडा आहे. सामूहिक करार बहुमताचा असतो आणि त्यात अल्पसंख्य सभासदांचे म्हणणे मागे पडू शकते. न्यायालयात हरलेल्या या स्त्रियांना अखेर सरकारी धोरणाने हात दिला. निकालानंतर अल्पावधीतच त्यांना पुरुषांप्रमाणे ५८ पर्यंत उड्डाणाची मुभा मिळाली. विमानातील पर्यवेक्षकाचे पद तोवर पुरुषांसाठीच राखीव होते. डिसेंबर २००५ मध्ये ते स्त्रियांनाही खुले झाले. त्याविरुद्ध पुरुष कर्मचाऱ्यांनी लढवलेला खटला २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला आणि स्त्रियांना मिळालेला अधिकार कायम राहिला.

सरबराई की सुरक्षा?

जाहिरातींमुळे या नोकरीची ओळख हसतमुख सरबराई अशी झाली आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र केबिन कर्मचारी विमानात असतात ते सुरक्षेसाठी. भारतीय नियमांनुसार साधारणतः दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी असावा लागतो. नव्या प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मी दारे बंद ठेवून ९० सेकंदांत ते रिकामे करता येते, हे सिद्ध करावे लागते. ते प्रत्यक्षात घडवून आणण्याची जबाबदारी याच कर्मचाऱ्यांवर असते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने पेट घेतला, तेव्हा त्यातील सर्व ३७९ जण सुखरूप बाहेर पडले.

या कामाची किंमतही मोठी आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराची विमानतळावर पॅन अॅमच्या मुंबईहून निघालेल्या विमानात अतिरेकी घुसले. त्या वेळी प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत यांनी प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेत मृत्युमुखी पडलेल्यांत दोन वैमानिक व दहा केबिन कर्मचारी होते.

रोजचे धोके याहून साधे, पण सततचे आहेत. हवेच्या खळग्यांत विमान अचानक हादरल्यास पट्टा न बांधता उभा असलेला कर्मचारी सर्वांत आधी जखमी होतो. जड ट्रॉली ओढल्याने पाठ व खांद्यांचे विकार जडतात. अवेळी पाळ्या आणि कालक्षेत्रांतील बदल यांमुळे झोपेचे चक्र बिघडते. उंचावर वैश्विक किरणांचा मारा जमिनीपेक्षा अधिक असतो. याखेरीज प्रवाशांच्या गैरवर्तनालाही याच कर्मचाऱ्यांना तोंड द्यावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये त्यासाठी तीन पातळ्या ठरवल्या. शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या कृत्याला किमान दोन वर्षे प्रवासबंदी होऊ शकते.

विश्रांतीचा प्रश्न मात्र जगभर धुमसत आहे. अमेरिकेत संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये दोन पाळ्यांमधील किमान विश्रांती नऊ तासांवरून दहा तास झाली. भारतात वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे नियम २०२५ मध्ये लागू झाले. त्यावरून बरीच चर्चा झाली. त्याच विमानात तितकेच तास जागणाऱ्या केबिन कर्मचाऱ्यांचा थकवा या चर्चेत क्वचितच आला.

खासगी कंपन्यांचा काळ

संघटित लढ्याची ही परंपरा मुख्यतः सरकारी विमान कंपन्यांतील आहे. खासगी क्षेत्रात चित्र वेगळे राहिले. जेट एअरवेजने ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरचा रस्ता दाखवला. मुंबईत गणवेशातच रस्त्यावर उतरलेल्या या तरुण-तरुणींना राजकीय पक्षांचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. हीच कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि कंपनीने सुमारे २५ जणांना बडतर्फ केले. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर (केंद्रीय) झालेल्या बैठकीत तोडगा निघाला आणि बडतर्फी मागे घेण्यात आली. संघटना अस्तित्वात होती म्हणूनच वाटाघाटीच्या मेजावर बसायला कोणीतरी होते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

नवे कायदे काय सांगतात?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वरठीतील कारखान्याच्या कामगाराला आजवर संरक्षण देणारा १९४८ चा कारखाने अधिनियम आणि हवाई कर्मचाऱ्यांना लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, या दोहोंची जागा या संहितांनी घेतली. नव्या तरतुदींनुसार कोणत्याही उद्योगात संपापूर्वी नोटीस देणे आवश्यक असून नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतल्यास तोही संपच मानला जातो. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो.

मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीने १२ वरून २६ आठवड्यांची झाली. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती बंधनकारक आहे. विमान वाहतूक हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय असल्याने सेवाविषयक वाद केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे न्यावा लागतो. तिचे कार्यालय नागपुरातही आहे.

या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या विदर्भातील मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात : नोकरी कायम की मुदतीच्या कराराची, उड्डाण बंद झाल्यास वेतन किती, विश्रांतीचे तास कोणते आणि कंपनीत मान्यताप्राप्त युनियन आहे की नाही. पहिल्या गर्भारपणाची अट हटवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, पर्यवेक्षकाच्या पदासाठी २०११ पर्यंत थांबावे लागले. विश्रांतीच्या तासांसाठी एवढा काळ थांबणे मात्र कर्मचाऱ्यांना परवडणारे नाही आणि त्यांच्या भरवशावर पट्टा बांधून बसणाऱ्या प्रवाशांनाही नाही.