प्रस्तावना : मीठ, हृदय आणि एक अक्षर

“आमच्या घराण्यातच बीपी आहे.” धाराशिव जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधून घेताना कुणी ना कुणी हे म्हणतेच. शेजारचा लोणच्याला आणि ठेच्याला बोल लावतो. दोघांचेही खरे आहे. रक्त आणि मीठ यांना जोडणारा एक दुवा खुद्द हृदयात आहे, आणि त्याची ओळख मराठीतून व्हावी म्हणून हे पान.

हृदय रक्त ढकलते, एवढेच आपण शाळेत शिकलो. १९८१ साली कॅनडात अडोल्फो दे बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. पाहता पाहता त्यांची लघवी वाढली आणि तिच्यातून भरपूर मीठ बाहेर पडले. हृदय संप्रेरकही तयार करते, हे या धाग्यावरून पुढे उलगडले. अंगात मीठ-पाणी साठून रक्ताचे आकारमान वाढले की अलिंदाची भिंत ताणली जाते आणि २८ अमिनो आम्लांची एक साखळी, एएनपी, रक्तात उतरते. ती मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावते, रक्तवाहिन्या सैल करते, आणि दाब उतरतो.

एएनपी आणि तिचे भावंड बीएनपी यांची जनुके पहिल्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. २००९ मध्ये जवळपास ३०,००० लोकांच्या तपासणीतून दिसले की या भागातल्या काही फरकांमुळे एएनपी जास्त असते आणि रक्तदाबाचा वरचा आकडा एक-दीडने कमी. त्यातला एक फरक तर डीएनएच्या एकाच अक्षराचा : बहुतेकांत ‘ए’, थोड्यांत ‘जी’. एमआयआर-४२५ नावाचा आरएनएचा चिमुकला तुकडा ‘ए’वर चिकटून संप्रेरकाची निर्मिती रोखतो, ‘जी’वर त्याची पकड बसत नाही. हे २०१३ मध्ये कळले, आणि मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

एक-दीडचा फरक किरकोळ वाटेल. पण तो आयुष्यभर सोबत असतो. अशा कितीतरी लहान फरकांची बेरीज म्हणजे आपण ज्याला ‘घराणे’ म्हणतो ते. त्यात मीठ, वजन, तंबाखू यांची भर पडते, आणि ती भर आपल्या हातात आहे.

एएनपीच्या जनुकांचे ते अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले. दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या आपल्या शेतमजुराचे रक्त काय सांगते, हे इथल्याच कुणीतरी तपासायला हवे. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती : रुग्ण “घराण्यात आहे” म्हणाला की पुढे सरकू नका. कुणाला, कितव्या वर्षी, हे विचारा आणि केसपेपरवर लिहून ठेवा.