वाळवंटातली शाकारणी

८ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात एका दिवसात सुमारे ८४ मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वरकर याला पाऊस म्हणायलाही तयार होणार नाही. पण वर्षाकाठी जेमतेम १८० मिलिमीटर पावसाची सवय असलेल्या या गावाच्या दप्तरी, एका दिवसात इतके पाणी पडल्याची नोंद त्याआधी नव्हती. छपराला किती भेगा पडल्या आहेत, हे घरमालकाला अशाच दिवशी कळते.

भेगा पाडतो तो मात्र पाऊस नव्हे, ऊन. २०२३ मध्ये जूनअखेरीपासून सलग ३१ दिवस इथला पारा ४३ अंशांच्या पुढे गेला. कोकणात मृगाआधी घर शाकारतात ते पावसाच्या धास्तीने. इथली शाकारणी उन्हाने करायला लावलेली, आणि तीही पंधरा-वीस वर्षांनी एकदा. ऊन सगळ्या शहराला सारखेच भाजते, तरी छपरांची दुखणी वस्तीगणिक निराळी. कारण फिनिक्समध्ये घरे एकेक करून वाढली नाहीत. वसाहतीच्या वसाहती एका दमात उठल्या आणि त्या त्या काळी जे स्वस्त किंवा शोभिवंत, ते सगळ्यांच्या डोक्यावर चढले.

पहिल्या वसाहतवाल्यांनी कच्च्या विटांच्या भिंतींवर वासे टाकून, वर काटक्या आणि माती पसरली होती. खानदेशातल्या माणसाला हे धाबे लगेच ओळखू येईल. १८८७ मध्ये रेल्वे आली, बाहेरचे लाकूड सहज मिळू लागले आणि मातीची सद्दी संपली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एन्कान्टो-पामक्रॉफ्टमध्ये स्पॅनिश थाटाची लाल मातीची कौले आली. आज ही वसाहत वारसा म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे बाहेरून दिसणारे छप्पर बदलायचे तर आधी महापालिकेची परवानगी काढावी लागते.

खरा स्फोट दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७ हजार होती, १९६० मध्ये ४ लाख ३९ हजार. जॉन एफ. लाँग या बिल्डरने पश्चिमेला बायकोच्या नावाने मेरीवेल वसवले : बैठी, आटोपशीर, नोकरदाराला परवडणारी हजारो घरे. अशा घरांवर आज डांबरी शिंगल, म्हणजे वर बारीक खडी चिकटवलेले डांबराचे पातळ तुकडे, सर्रास दिसतात. उन्हाने त्यातले तेल आटते, कडा वळतात, वरची खडी गळते. थंड प्रदेशात पंचवीस वर्षे सहज निघणारे शिंगल इथे पंधरा-वीसमध्येच दमते. जुन्यावरच नवा थर ठोकून वेळ मारून नेण्याची युक्तीही जुनी. पण दोनाच्या वर थर चढवायला नियमाची मनाई आहे, तेव्हा कधीतरी सगळे खरवडावेच लागते.

त्याच काळात राल्फ हेवर या वास्तुरचनाकाराने जवळजवळ सपाट छपरांची घरे बांधली. अशा छपरांवर पुढे फवारलेला फोम आला. तो उखडत नाहीत. काही वर्षांनी वर पांढऱ्या लेपाचा नवा हात देतात. लेप चुकवला की ऊन थेट फोमला खाते.

५ ऑक्टोबर २०१० च्या गारपिटीने हे सगळे हिशेब विस्कटले. नुकसान अब्जावधी डॉलरांत गेले, विम्याचे पैसे आले आणि गारांच्या तडाख्यात सापडलेल्या भागांत छपरे झपाट्याने बदलली गेली. तिथे घर १९६० चे असले तरी छप्पर गारपिटीनंतरचे, असे आजही आढळते.

सर्वांत फसवे छप्पर शहराच्या दक्षिणेकडील डोंगरापलीकडच्या अहवाटुकीसारख्या उपनगरांत दिसते. तिथे १९८० आणि ९० च्या दशकांत सिमेंटची कौले बसली. कौल पन्नास वर्षे टिकते, आणि घेणाऱ्याला वाटते की छपराची काळजी मिटली. पण पाणी अडवते ते कौलाखालचे डांबरी कागदाचे अस्तर, आणि ते वीस-पंचवीस वर्षांत वाळून कुरकुरीत होते. घरे एकाच वेळची असल्याने गल्लीतल्या सगळ्यांचे अस्तरही मागेपुढे एकाच सुमारास जाते. मग कारागीर उन्हाळ्यात तांबडे फुटतानाच वर चढतात, कौले उतरवून रचून ठेवतात, कागद बदलतात आणि तीच कौले पुन्हा जागेवर लावतात. हजारो डॉलर खर्चून झाल्यावर रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर होते तसेच दिसते.