बेरीज आकाशाची, वाटणी माणसांची

सन 1856. मुंबई, ताडदेव. नाकात आधी दगडी कोळशाचा धूर शिरतो, मग कापसाचं बारीक कस्पट. कावसजी दावरांची सूतगिरणी याच वर्षी चालू झाली आहे. मुंबईतली ही पहिलीच. बॉयलरच्या तोंडाशी घामाने निथळणारा माणूस फावड्याने कोळसा आत लोटतोय. तुमच्याकडे कुणी बघत नाही, ते बरंच आहे, कारण तुमच्या झोळीत काचेचे पाच-पाच लिटरचे चंबू आहेत आणि ते कशासाठी, हे इथे कुणाला पटायचं नाही.

प्रवासाची अट एकच: वाटेत हवेचे नमुने भरून घ्यायचे. धुराडं पाठीमागे टाका आणि समुद्रावरून थेट वारा येतो तिथे उभे राहा. चंबूतली हवा आधीच उपसून काढलेली आहे. श्वास रोखून धरा. तुमच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या शंभरपटीहून जास्त असतो, एक फुंकर लागली तरी नमुना वाया. चंबू वाऱ्याकडे तोंड करून डोक्याच्या वर धरा, तोटी फिरवा. सूं करून हवा आत जाते. तोटी बंद करा. आता सोडा श्वास.

चिठ्ठीवर लिहा: दहा लाखांत सुमारे 285 भाग. तुम्ही उभे आहात त्या काळात हे अचूक मोजणारं कोणी नाही. हा आकडा पुढे कधीतरी अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांतून निघणार आहे.

वर्ष तेच, ऑगस्ट महिना. अमेरिकेतलं ऑल्बनी. विज्ञानपरिषदेच्या सभेत तुम्ही मागच्या बाकावर बसलात. व्यासपीठावर भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री एक निबंध वाचून दाखवताहेत. निबंध त्यांचा नाही, युनिस फूट नावाच्या बाईंचा आहे. प्रयोग असा की शाळेतलं पोरही करून बघेल. काचेच्या दोन नळ्या, प्रत्येकीत तापमापक, एक हवेचा पंप आणि ऊन. साध्या हवेची नळी 106 अंश फॅरनहाइटपर्यंत तापली. कार्बन डायऑक्साइड भरलेली 125 पर्यंत गेली आणि उन्हातून काढल्यावर निवायला कितीतरी पट वेळ लागला. या वायूचं प्रमाण पूर्वी कधी जास्त असेल तर पृथ्वीही जास्त तापलेली असणार, असा निष्कर्ष बाईंनी काढला आहे. सभा पुढच्या विषयाकडे वळते. कुणी उठून ताडदेवच्या धुराड्याबद्दल विचारत नाही. ही दोन टोकं जोडली जायला अजून अवकाश आहे.

ती स्टॉकहोममध्ये जुळतात. 1896 मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस महिनोन्‌महिने कागदावर आकडेमोड करून सांगतात की हवेतला हा वायू दुप्पट झाला, तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. पण तेव्हाच्या वेगाने कोळसा जाळत राहिलं तर दुपटीला हजारो वर्षं लागतील असा हिशेब निघतो, आणि स्वीडनच्या थंडीत थोडी ऊब कुणाला नकोय? इथे रेंगाळू नका.

मुळशी खोरं, एप्रिल 1921, रामनवमी. हवा स्वच्छ, आकडा 303 च्या आसपास. सहा वर्षांपूर्वी खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेला पाऊस नळांतून खाली सोडायचा आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. बॉयलरमध्ये फावडं मारणाऱ्याची जागा इथल्या पाण्याने घ्यायला सुरुवात केली आहे. हवेच्या हिशेबात हे सोनंच. पण तुमच्यासमोर टाटांच्याच नव्या धरणाच्या कामावर मावळे ठाण मांडून बसलेत, कारण त्यांची भातखाचरं बुडणार आहेत. पुढे सेनापती बापट या लढ्याचे नाव होतील आणि तुरुंगात जातील. धरण मात्र होईल. मुंबईत जो कोळसा जळला नाही, त्याचे पैसे कुणी भरले, हे तुमच्या चंबूत उतरत नाही. म्हणून चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.

मार्च 1958. हवाईमधला मौना लोआ, उंची 3,400 मीटर. झोळी खाली ठेवा, डोकं हलकं होईल. हवा विरळ आहे. चारी बाजूंना लाव्हाचा काळा दगड, ना झाड ना गिरणी. म्हणूनच शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी ही जागा निवडली. शेडमध्ये इन्फ्रारेड यंत्राची लेखणी कागदाच्या पट्टीवर सरकते आहे. पहिला आकडा 313. मे महिन्यापर्यंत रेघ चढते, मग उतरू लागते, हिवाळ्यात पुन्हा चढते. यंत्र बिघडलं असं वाटावं. पण बिघाड नाही. उत्तर गोलार्धातली झाडं, गवत, पिकं पालवतात तेव्हा कार्बन आत ओढतात, पानं गळून कुजतात तेव्हा परत देतात. अख्खा गोलार्ध श्वास घेताना पहिल्यांदाच कागदावर दिसतो आहे.

इथे एक वर्ष थांबाच. पुढच्या मे महिन्यातलं शिखर मागच्यापेक्षा उंच आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी उंच. 1964 च्या सुरुवातीला पैसे आटतात, काही महिने नोंदच होत नाही; पट्टी पुन्हा सुरू होते तेव्हा रेघ वर चढण्याचं काम तसंच चालू असतं.

ती खाली का येत नाही? माणसं सोडतात त्यातला सुमारे निम्मा कार्बन समुद्र आणि जंगलं शोषतात. उरलेल्यातला मोठा वाटा शतकानुशतकं हवेतच राहतो. तळाला बारीक भोक असलेल्या रांजणात बादल्यांनी पाणी ओतत राहावं, तसं हे आहे: ओतणं थोडं हळू केलं म्हणून पातळी उतरत नाही. 1850 ते 2019 या काळात माणसाने सुमारे 2,400 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. दर 1,000 अब्ज टनांमागे पृथ्वी साधारण 0.45 अंश सेल्सिअसने तापते. ताडदेवचा धूर, मँचेस्टरचा धूर, डेट्रॉइटच्या मोटारींचा धूर, सगळं एकाच बेरजेत. कुणाचं किती, हे आकाश विचारत नाही.

ते विचारायला माणसं जमली आहेत: 12 डिसेंबर 2015, पॅरिसजवळच्या ल बूर्जेतली हवामान परिषद. नमुना आधी बाहेर घ्या, आत हजारो माणसांचा उच्छ्वास आहे. वर्षाची सरासरी 400 च्या वर. सभागृहात कित्येकांच्या कोटाला नारळाच्या झापाची विणलेली पट्टी टोचलेली दिसेल. ती मार्शल बेटांच्या लोकांनी वाटली आहे. समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दोन मीटर वर असलेली ही बेटं दोन अंशांवर राजी नाहीत, त्यांना दीड हवा. भारताच्या बाजूला पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आहेत, आपल्या पुण्याचे. भारताचं म्हणणं जुनंच आणि बिनतोड आहे: आजवरच्या बेरजेत अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा, भारताचा अगदी थोडा, मग खर्च सारखा कसा? संध्याकाळी परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाब्युस हिरवा हातोडा आपटतात. सभागृह उठून उभं राहतं, माणसं एकमेकांना मिठ्या मारतात. ठरलं आहे ते असं: तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची, दीडसाठी झटायचं, आणि आपण किती कपात करणार ते प्रत्येक देशाने स्वतःच सांगायचं. शेवटचं कलम दोनदा वाचा. कराराचं बळही तिथेच आहे आणि दुबळेपणाही.

आता परत या. 2024 ची मौना लोआची सरासरी 424 च्या वर गेली. हेच वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. एका वर्षाने करार मोडत नाही, तो अनेक वर्षांच्या सरासरीवर तोलतात. पण काटा कुठे आहे ते कळतं.

शेवटचा चंबू जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात भरा. फडापासून लांब जा, दिवसा ऊस कार्बन ओढतो, आकडा फसवेल. शिवाय फडात बिबट्या असतो. सौर कृषी वाहिनी योजनेची वीज आलेल्या एखाद्या शिवारात जा. भर दुपारी पंप चालू आहे. बांधावरची मावशी सांगते, "आता दिवसा लाइट असते. रात्री दोनला दारं धरायला जायचं सुटलं. पण सोलरच्या पाट्या गायरानात लावल्या, तिथं आमची शेरडं चरायची. आता त्यांनी जावं कुठं?"

मावशीच्या बोलण्यात सगळ्या प्रवासाचं सार आलं. विज्ञान सांगतं की कार्बनची भर शून्यावर आली, की तापमानाचा चढ जवळपास तिथेच थांबतो. म्हणजे उशीर झाला म्हणून हात टेकायला जागा नाही: जो टन हवेत जात नाही तो कायमचा वाचला, मग साल कुठलंही असो. आकाशाची बेरीज इतकी सरळ आहे. वाटणी तशी नाही. भारताने 2070 पर्यंत शून्याचं वचन दिलं आहे. तिथवर जाताना गायरान कुणाचं जाणार, खाणीतल्या मजुराला पुढे काम कोण देणार, बेटावरच्या माणसाला जागा कोण देणार, हे प्रश्न ग्रामसभेपासून जागतिक परिषदेपर्यंत प्रत्येक टेबलावर येणार आहेत. मुळशीत ते विचारणारे तुरुंगात गेले. मावशीच्या शेळ्यांची चराई प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या पानावर धरा. उरलेली आकडेमोड अऱ्हेनियस कधीच करून गेले आहेत.