पॉवर विंडो

पॉवर विंडो म्हणजे मोटारगाडीच्या दाराची काच बटण दाबून वर-खाली करणारी विद्युत यंत्रणा होय. पूर्वीच्या गाड्यांत हाताने मूठ फिरवून जे काम होई, ते येथे १२ व्होल्टवर चालणारी लहान मोटर करते. काच अडकणे, संथ सरकणे किंवा दाराच्या पोकळीत घसरून पडणे हे या यंत्रणेचे नेहमीचे बिघाड आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत खारी हवा, जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि जून ते सप्टेंबरमधील मुसळधार पाऊस यांमुळे या बिघाडांना वेगळे वळण मिळते. मोटर शाबूत असूनही तेथे काच हलत नाही, असे पुष्कळदा आढळते. म्हणून दाराचे आतील आच्छादन काढण्यापूर्वी बिघाडाची जागा ओळखणे महत्त्वाचे ठरते. तसे न केल्यास चांगला भाग काढून नवा बसवला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

इतिहास

१९४१ सालच्या पॅकार्ड १८० या अमेरिकी गाडीत अशी यंत्रणा दिली होती. सुरुवातीच्या काही यंत्रणा तेलाच्या दाबावर चालत. पुढे प्रत्येक दारात स्वतंत्र विद्युत मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. भारतात अ‍ॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० या गाड्यांमुळे हाताने फिरवायची मूठच दीर्घकाळ परिचित होती.

रचना

बटणाचे काम विजेची दिशा बदलण्याचे असते. दिशा उलटली की मोटरही उलटी फिरते आणि काच वर जाण्याऐवजी खाली येते. मोटरची गती मळसूत्री दंतचक्रातून पुढे जाते. या चक्राचे वैशिष्ट्य असे की, मोटर काचेला हलवू शकते, पण काच आपल्या वजनाने मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज बंद असतानाही काच जागेवर राहते. काच उचलणाऱ्या भागाला रेग्युलेटर म्हणतात. गॅरेजमधील कारागीर त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. त्याचा एक प्रकार कात्रीसारख्या लोखंडी भुजांचा असतो. दुसऱ्यात पोलादी केबल काचेचा आधार रुळावरून ओढते. केबलच्या प्रकारात प्लॅस्टिकचे सरकते तुकडे असतात आणि तेच बहुधा आधी मोडतात.

गाडीचे दार आतून कोरडे असते, हा समज चुकीचा आहे. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी बाहेरच्या रबरी पट्टीपाशी पूर्णपणे थांबत नाही. ते दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. ही रचना मुद्दामच तशी केलेली असते. पोकळी आणि आतील आच्छादन यांच्यामध्ये चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद पाण्याला गाडीत येऊ देत नाही. तळाची छिद्रे तांबड्या मातीने बुजली, तर पाणी साचते, दाराचा पत्रा आतून गंजतो आणि मोटरच्या जोडणीत ओल शिरते.

बिघाडाचे निदान

सर्वच काचा बंद पडल्या असतील, तर फ्यूज, रिले किंवा चालकाकडील काचबंदीचे बटण आधी पाहिले जाते. हे बटण नकळत दाबले गेल्यामुळे विनाकारण गॅरेज गाठावे लागल्याची उदाहरणे कमी नसावीत. एकच काच बंद असेल, तर ती चालकाच्या आणि त्या दाराच्या अशा दोन्ही बटणांनी चालवून पाहतात. एका बटणाने चालली, तर मोटर ठीक आहे हे सिद्ध होते. मात्र अनेक गाड्यांत इतर दारांची वीज चालकाच्या बटणसंचातून जाते, त्यामुळे दोष दुसऱ्याच दारात असू शकतो.

बटण दाबल्यावर येणारा आवाज बरेच सांगतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हा केबल किंवा प्लॅस्टिकचा तुकडा तुटलेला असतो. आवाज नाही, पण गाडीतील दिवा क्षणभर मंदावतो, तेव्हा वीज मोटरपर्यंत पोहोचते आणि मोटर किंवा काच कोठेतरी अडकलेली असते. दिवाही मंदावत नसेल, तर बटण, तार किंवा जोडणी यांत खंड असण्याची शक्यता अधिक. बटण दाबून ठेवून दारावर आतून तळहाताने थोपटल्यावर काच चालू झाली, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. दार ठरावीक कोनात उघडल्यावरच काच चालत असेल, तर दार आणि खांब यांमधील रबरी नळीतील तार वरचे आवरण शाबूत ठेवून आत तुटलेली असते. सतत वर-खाली केल्यानंतर मोटर गप्प झाली, तर तो बिघाड नसून अति तापण्यापासूनचे संरक्षण असू शकते. थोड्या वेळाने ती पुन्हा चालते.

किनारी भागात बटणाच्या आणि जोडणीच्या तांब्याच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर धरतो. पावसात काच उघडी राहिली की चालकाच्या दारातील बटणांवर थेट पाणी पडते. विद्युत जोडण्या साफ करण्याच्या फवाऱ्याने हा थर निघाल्यास कोणताही भाग न बदलता काम भागते.

दुसरे कारण रबराचे आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या घरी ठेवलेली गाडी गणेशोत्सव ते मे महिना अशी बरेच महिने उभी राहते. रबर वाळते आणि काचेला चिकटते. आल्याआल्या बटण दाबले, की मोटर जोर लावते, चिकटलेली काच सुटत नाही आणि मधला प्लॅस्टिकचा तुकडा मोडतो. अशा वेळी काचेच्या कडा आधी ओल्या करून मोकळ्या करणे आणि रबरी खाचेत सिलिकॉनचा फवारा मारणे हिताचे असते. घरात हाताशी असलेले खोबरेल तेल त्या जागी लावू नये. ते धूळ धरते आणि थंडीत थिजते. इंजिनच्या तेलाने रबर फुगते.

घरगुती दुरुस्ती

मशीन बदलायचे ठरल्यास प्रथम बॅटरीची ऋण तार काढतात. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे संवेदक असतात, म्हणून त्यानंतर काही मिनिटे थांबणे आवश्यक असते. आतील आच्छादनाचे, म्हणजे ‘डोअर पॅड’चे, काही स्क्रू हँडलच्या मागे झाकलेले असतात. स्क्रू काढल्याशिवाय ओढल्यास पॅडची प्लॅस्टिकची बटणे तुटतात.

काचेचे बोल्ट बहुतेक गाड्यांत काच अर्ध्या उंचीवर असतानाच छिद्रांतून दिसतात. मोटर बंद असेल तर ही मोठीच अडचण होते. मोटरची जोडणी सोडवून तिला फ्यूज लावलेल्या दोन तारांनी थेट बॅटरीची वीज दिली, तर मोटर चालते की नाही हेही कळते आणि काच हव्या त्या जागी आणता येते. त्यानंतर काच पूर्ण वर करून चौकटीला रुंद चिकटपट्टीने बांधतात आणि मगच मशीन बाहेर काढतात. काच टफन केलेली असते. तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही आणि कडेला ठोका बसला तर तिचा चुरा होतो. या कामात एक माणूस काच धरायला हवाच.

परत बसवताना प्लॅस्टिकचा कागद सोडून देण्याचा मोह होतो. तो वगळला, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पॅडच्या मागून पायाखालच्या गालिच्यात उतरते. बॅटरी जोडल्यानंतर एका दाबात चढणारी काच पुन्हा शिकवावी लागते: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरतात, नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. भाग येईपर्यंत काच खालीच राहिली, तर जाड प्लॅस्टिकचा कागद चौकटीवरून आत घेऊन दार त्यावर बंद करतात.

सुरक्षितता

अडथळा आल्यावर मागे फिरणारी काच सर्व गाड्यांत नसते. बालकाच्या गुडघ्याने बटण दबून काच वर चढू नये, यासाठी अमेरिकेत काच चढवताना बटण वर ओढावे लागेल अशी रचना बंधनकारक आहे. दुरुस्ती करतानाही खिडकीत हात असताना दुसऱ्याने बटण दाबू नये.

पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या कॉजवेवरून गाडी वाहून गेल्यास बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. पाण्यातही मोटर काही काळ चालू शकते, परंतु पाणी काचेच्या वर चढल्यावर दाब तिला अडवतो; म्हणून काच ताबडतोब खाली करणे अपेक्षित असते. टोकदार हातोडीने दाराची टफन केलेली काच फुटते. पुढची काच मात्र दोन थरांमध्ये पातळ पडदा असलेली असल्याने तशी फुटत नाही.