सेंट हेलेनाचा आधींचा पाहुणा

कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत आम्हीं सहज विचारलें, "नेपोलियन कोठें वारला?" अर्ध्याहून अधिक हात वर झाले. सेंट हेलेना! लगेच दुसरा प्रश्न केला, "असई कोठें आहे?" वर्ग स्तब्ध झाला. शेवटीं एका धीट विद्यार्थ्यानें आसामचें नांव घेतलें. मुलें हंसलीं, आम्हांस मात्र हंसतां येईना. आमच्या मेहरूणहून निघून अजिंठ्याचा घाट चढलें कीं पलीकडे जालना जिल्ह्यांत असई लागतें. दूरच्या बेटाचें नांव मुलांस आमच्यासारख्यांनींच शिकविलें होतें, आणि शेजारचें गांवहि आमच्यासारख्यांनींच विसरविलें होतें. आश्चर्य असें कीं या दोन स्थळांचें नातें फार जवळचें आहे, आणि तें आम्हीं इतकीं वर्षें इतिहास शिकवूनहि एकदांदेखील त्यांच्यापुढें ठेविलें नव्हतें.

मेहरूणच्या तलावाच्या आसपास जो काळा दगड सांपडतो, तो ज्वालामुखीचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरांवर थर सांचून थिजलेल्या लाव्हारसानें दख्खनचें पठार बनलें. सेंट हेलेना हेंहि तशाच अग्नीचें अपत्य. मात्र वयानें बरेंच धाकटें. त्याचा क्षेत्रविस्तार अवघा 47 चौरस मैल. अटलांटिक महासागरांत आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बाराशें मैलांवर हा काळाकभिन्न खडक एकटा उभा आहे. दोन उभ्या कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या दरींत जेम्सटाउन हें त्याचें बंदर वसलेलें आहे. समुद्राकडे तट आणि वेस, आंत शिरलें कीं किल्ला, 1774 सालचें देऊळ, आणि दरींतून वर चढत गेलेला एक मुख्य रस्ता. गांव म्हणून एवढेंच. 1659 पासून 1834 पर्यंत, मधले कांहीं महिने सोडल्यास, तें ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत होतें. कारण मुंबई, मद्रास, कलकत्ता येथून परतणारीं जहाजें केप वळसून वाऱ्यावर आलीं म्हणजे गोडें पाणी व ताजी भाजी घेण्यास येथेंच थांबत. सुवेझचा कालवा 1869 मध्यें खुला झाला आणि ही रहदारी आटली. 2017 पासून तेथें नियमित विमान जातें. तरी तें अजून आमच्यासारख्यांच्या आवांक्यांतलें नाहीं. तेव्हां आमचें जेम्सटाउन कागदावरचेंच.

जून 1805 मध्यें याच बंदरांत 'ट्रायडंट' नांवाची लढाऊ नौका येऊन थांबली. तीवर छत्तीस वर्षांचा एक सेनापति होता. हिंदुस्थानांत आठ वर्षें काढून तो मायदेशीं परत चालला होता. ताप व सांधेदुखी यांनीं अंगानें खंगलेला, आणि आपल्या कामगिरीचें चीज झालें नाहीं म्हणून मनानें खट्टू. त्याचें नांव आर्थर वेलस्ली. बेटावर उतरतांच त्याची प्रकृति सुधारूं लागली. जुलैंत आपला स्नेही जॉन माल्कम यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें बेटाचा अंतर्भाग रमणीय असल्याचें व हवा अत्यंत निरोगी असल्याचें कळविलें आहे. हा माल्कम म्हणजे पुढें 1827 त मुंबईचा गव्हर्नर झाला तोच.

हा थकलेला प्रवासी मागें काय ठेवून आला होता, तें आमच्या खानदेशास ठाऊक असावयास हवें. 23 सप्टेंबर 1803 रोजीं असईला केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत शिंदे व भोसले यांचें सैन्य उभें होतें. नदीला उतार नाहीं असें वाटाडे सांगत होते. वेलस्लीनें दुर्बिणीतून पाहिलें, तों दोन तीरांवर दोन गांवें समोरासमोर दिसलीं. अशीं गांवें येण्याजाण्याच्या सोयीवांचून वसत नाहींत, असा तर्क करून त्यानें तेथेंच सैन्य पाण्यांत घातलें. तर्क खरा ठरला. शाळकरी पुस्तकांत हा प्रसंग त्याच्या कुशाग्र बुद्धीचा दाखला म्हणून येतो, आणि तो आहेहि. पण त्यापुढचे दोन-तीन तास त्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफा सोडल्या नाहींत. शत्रूची फळी अंगावरून गेली तेव्हां कित्येक जण तोफांखालीं मेल्याचें सोंग करून पडून राहिले, आणि उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर डागूं लागले. इंग्रजांकडील पंधराशेंहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं. त्यांत गोरे होते तसे मद्रासकडचे आपले शिपाईहि होते. जखमींसाठीं अजिंठ्यास रुग्णालय थाटावें लागलें. ऑक्टोबरांत इंग्रजांनीं बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले, डिसेंबरांत गाविलगड पडला, आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. त्या वर्षीं व पुढच्या वर्षीं लूटमार आणि अवर्षण यांनीं खानदेशांत भीषण दुष्काळ पडला, हेंहि याच हिशेबांत मांडलें पाहिजे.

दहा वर्षें लोटलीं. 15 ऑक्टोबर 1815 रोजीं 'नॉर्थंबर्लंड' जहाज जेम्सटाउनसमोर उभें राहिलें. त्यावर वॉटर्लूला याच वेलस्लीनें, म्हणजे आतांच्या वेलिंग्टननें, हरविलेला कैदी होता. 17 तारखेस अंधार पडल्यावर त्यास किनाऱ्यावर उतरविलें. एक रात्र गांवांतील पोर्टियस यांच्या घरीं काढून तो बाल्कम कुटुंबाच्या 'ब्रायर्स' या बंगल्याच्या आवारांत राहिला, आणि डिसेंबरांत लाँगवुडला गेला. तेथेंच 5 मे 1821 रोजीं तो वारला. 1816 च्या एप्रिलांत वेलिंग्टन पॅरिसमध्यें एलिझे राजवाड्यांत उतरला होता. तेथून त्यानें जॉन माल्कमचा भाऊ व सेंट हेलेनावरील आरमाराचा अधिपति पल्टनी माल्कम यास थट्टेनें लिहिलें कीं, नेपोलियनच्या खोल्या मला फार सोयीच्या वाटतात. बाल्कमकडील माझ्या जुन्या खोल्या त्यास आवडत असतील अशी आशा आहे. थट्टा बोचरी खरी, पण पडलेल्या शत्रूच्या पाठीवर अशी चापट मारणें आम्हांस तरी रुचत नाहीं.

नेपोलियन वेलिंग्टनला 'शिपायांचा सेनापति' म्हणून हिणवीत असे. हिंदुस्थानांत मिळविलेली कीर्ति ती काय, असा त्यांतला भाव. युरोपीय लेखक हा शेरा वेलिंग्टनचा अपमान म्हणून सांगतात आणि वॉटर्लूनें तो खोटा पाडला म्हणून समाधान मानतात. आम्हांस मात्र त्यांत दुसराच अपमान दिसतो: असईच्या रणावर समोर कोणी लढणारा नव्हताच, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. त्याचें उत्तर शेवटीं वेलिंग्टननेंच दिलें आहे. आयुष्यभरांत आपण सर्वांत चांगलें काय लढलों, असें उतारवयांत कोणीं विचारलें तेव्हां त्यानें वॉटर्लूचें नांव घेतलें नाहीं. एका शब्दांत 'असई' म्हटलें.

हें सारें आम्हीं पुढच्या तासाला वर्गास सांगितलें, आणि नाताळच्या सुट्टींत असईला जाण्याचें ठरविलें. आसाम म्हणणाऱ्या त्याच विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, तेथें पाहण्यासारखें काय आहे?" आम्हीं म्हटलें, दोन नद्या आहेत, शेतें आहेत, आणि समोरासमोर दोन गांवें आहेत; त्यांच्यामधला उतार आपण शोधावयाचा.