रापामायसिनचे पिंपरीतले भाऊबंद

जूनची पहिली सर पडली की दापोडीत मुळा-पवनेच्या काठावरून मातीचा वास उठतो. त्या वासात मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. ते जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात आणि माणसाच्या नाकाला ते अगदी कणभरही कळतं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच घराण्याचं. म्हातारपण लांबवणाऱ्या औषधांची चर्चा निघाली की आज हमखास ज्याचं नाव येतं, ते रापामायसिनही याच घरातलं.

दापोडीहून लोकलने कासारवाडी ओलांडली की पिंपरी. इथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पंचक्रोशीतले लोक तिला नुसतं ‘एचए’ म्हणतात. कारखान्याची ख्याती पेनिसिलिनची. पण तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी नवनव्या जिवाणूंच्या मागावर होते. १९६१ मध्ये त्यांनी बुरशी मारणारं एक नवं औषध जाहीर केलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं हॅमायसिन. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं बारसं झालं ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’! गावाचं नाव लॅटिन वळणाने जीवशास्त्राच्या वहीत चढलं.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १९६४ मध्ये, कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर उतरली. बेटाचं मूळ नाव रापा नुई. तिथे घोडे भरपूर, लोक अनवाणी फिरणारे, तरी धनुर्वात कुणाला होत नाही, याचं जॉर्ज नोग्रादी या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला नवल वाटलं. त्याने बेटाचे ६७ तुकडे पाडले आणि प्रत्येकातली माती उचलली. शोधायचे होते धनुर्वाताचे जंतू. हाती लागलं भलतंच.

ती माती माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत पोचली. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसपासून रापामायसिन वेगळं काढलं. १९७५ मध्ये शोधनिबंध छापून आले. औषध बुरशीनाशक, म्हणजे थेट हॅमायसिनचं चुलत भावंड. पण ते शरीराची रोगप्रतिकारशक्तीही दाबत होतं. बुरशी जाईल आणि दुसराच रोग घर करेल, असं औषध कोण घेणार? पुढे माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली. सेहगलांनी थोडासा साठा घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपला, आइस्क्रीमच्या डब्याशेजारी, ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून. कंपनीच्या शिस्तीत ते बसलं नसतं. पण त्या बेशिस्तीचं मोल पुढे कळलं. दोषच गुण ठरला: बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

ते नेमकं करतं काय? १९९१ मध्ये बाझलच्या संशोधकांनी यीस्टमध्ये त्याचं लक्ष्य शोधलं: टॉर नावाचं प्रथिन. हा पेशीतला मुकादम समजावा. माल आला की तो बांधकाम जोरात काढतो. माल थांबला की नव्या भिंती बंद, पडीक विटा उचलून पुन्हा वापरायच्या. रापामायसिन मुकादमाला गप्प करतं. गोदाम भरलेलं असूनही पेशी टंचाई असल्यासारखी वागते आणि आतली मोडतोड साफ करू लागते.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी उंदरांवरचा निकाल दिला. खरं तर प्रयोग लवकर सुरू व्हायचा होता. पण औषध खाद्यात टिकेल अशा रूपात आणण्यातच वेळ गेला आणि उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या मानाने साठीचे झाले. तरीही ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढला. उशीर झाला म्हणूनच बातमी मोठी झाली: उतारवयात सुरू करूनही गुण येतो.

माणसांत आयुष्य वाढल्याचा पुरावा अजून नाही. तोंड येणं, कोलेस्टेरॉल चढणं, संसर्गाचा धोका हे मात्र ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टरांना न विचारता कायाकल्पाच्या गोळ्या मागवणाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांकडे एकदा चौकशी करावी.

जिथून माती उचलली त्या बेटावर आता एक स्मृतिफलक आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी लावलेला, म्हणून मजकूर पोर्तुगीजमध्ये. बेटावरचे लोक मात्र रापानुई आणि स्पॅनिश बोलतात.